गणपूर्तीअभावी तहकूब

आज आमच्या तालुक्याच्या माजी सैनिक संघाची वार्षिक सभा होती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडीवरून सोडायला गेले आणि तिथेच अडकले, कारण हजेरीचं रजिस्टर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. रजिस्टरात नावं 212. आले 14, त्यातल्या दोघांना फोन करकरून आणलेलं. मग नेहमीचा सोपस्कार, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब', म्हणजे कोरम भरला नाही, अर्धा तास पंख्याखाली बसायचं आणि त्याच जागी त्याच 14 जणांनी तहकूब सभा भरवायची. त्या अर्ध्या तासात विषय एकच, तरुण पोरं येत नाहीत ओ.

आणि तेवढ्यात एक तरुण पोरगा आला की! शेजारच्या वहिनींचा मुलगा, अग्निवीर, सुट्टीवर आलाय. आज 26 जुलै, कारगिल दिवस, म्हणून सकाळी स्तंभ धुवायला तोच होता, तसाच आत आला. त्याने आपलं सहज विचारलं, काका, माझी 4 वर्षं भरल्यावर मला सभासद होता येईल ना, वर्गणी किती? चिटणीस काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाळा, तू व्याख्येत बसत नाहीस."

पोरगं हसलं, ठीक आहे काका म्हणालं, आणि सगळ्यांना चहा वाटून निघून गेलं. माझं डोकं तेव्हापासून फिरलंय ते अजून जागेवर नाही.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय. तात्यांच्या वेळी.

तात्या म्हणजे आमच्या आळीतले. 71 च्या लढाईत होते, पण पुढे वडील वारले, जमीन बघायला कुणी नाही, भाऊ लहान, म्हणून 8 वर्षांतच नाव कापून घरी आले. पेन्शनला 15 वर्षं लागतात, सो पेन्शन शून्य. पण दर 26 जानेवारीला तो बाह्या आखूड झालेला कोट आणि त्यावर संग्राम मेडल, झेंड्यासमोर सगळ्यात ताठ माणूस तोच. 2015 ला ओआरओपीचं, म्हणजे 'वन रँक वन पेन्शन'चं आंदोलन जोरात होतं, दिल्लीत जंतरमंतरवर लोक बसलेले, इकडे आमच्या संघाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत कुणाला तरी साक्षात्कार झाला की सभासद फक्त पेन्शनर. संघाच्या घटनेत तसं लिहून घेतलं. आणि मतदानाच्या वेळी तात्यांना म्हणाले, तुम्ही व्याख्येत बसत नाही, हात वर करू नका. तात्यांनी वर केलेला हात खाली घेतला. मी बघितलंय ते, रजिस्टर तेव्हाही माझ्याकडेच होतं.

त्यानंतरही ते यायचे. दाराजवळ, चपलांपाशी बसायचे. वर्गणी द्यायचे, ती मात्र घ्यायचे हं, पावतीवर 'देणगी' लिहून!!

आता कुणीतरी येईल सांगायला की माजी सैनिकांना घरपट्टी माफी असते, नोकरीत आरक्षण असतं, खोटे कागद घेऊन लोक घुसतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते. घुसतात, मान्य. पण ते तपासायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे ना. संघ काय घरपट्टी माफ करतो? संघ चहा पाजतो. चहाला कसली व्याख्या?

अग्निवीरांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, 100 तले फार तर 25 पुढे कायम, बाकीचे साधारण 11 लाख 71 हजार घेऊन घरी, हे 2022 ला सरकारने ठरवलं, त्यावर मी दुसऱ्या दिवशी भांडेन. पण आपल्या खोलीचं दार सरकारने नाही लावलेलं, ते आपण आतून लावलंय. आणि विधवांचं तर बोलूच नका, वीरपत्नी म्हणून स्टेजवर साडी-नारळ, मतदान नाही. म्हणजे उद्या अण्णांचं काही झालं तर माझी आईसुद्धा चपलांपाशी. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, त्यांच्या नावाने दगड उभा आहे, तिथे जाऊन विचारा की कुणाकुणाची पेन्शन झाली होती.

चिटणीस काकांवर राग आहे पण पूर्ण नाही. हाच माणूस दुसऱ्यांचे कागद घेऊन एसटीने साताऱ्याला खेटे घालायचा, रेकॉर्ड ऑफिसला बेळगावला पत्रं लिहायचा, एका पैशाची अपेक्षा नाही. आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर, हयातीचा दाखला मोबाईलवर, नवे रिटायर झालेले पुण्यात फ्लॅट घेऊन बँकेत गार्ड, त्यांना संघ कशाला लागतो? काकांकडे कामच उरलं नाही, उरली ती व्याख्या. हे लिहिताना वाईट वाटतंय खरं.

पण तात्या गेले तेव्हा याच काकांनी स्मशानात भाषण केलं, "आमच्या संघाचे ज्येष्ठ सदस्य आज आपल्यातून गेले." माझ्या शेजारी तात्यांची सून उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं.

घरी येताना गाडीवर अण्णांना म्हटलं, घटना बदला. ते म्हणाले, बदलता येते, पण त्याला विशेष सभा लागते, आणि त्या सभेला गणपूर्ती लागते, ती तहकूब करून चालत नाही. म्हणजे जे येतच नाहीत ते आले तर जे यायला तयार आहेत त्यांना घेता येईल 😑

संध्याकाळी स्वतःच म्हणाले, यात्रेला ठेवू सभा, छबिन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याचे सगळे गावातच असतात. तर पुण्यावाल्यांनो, 212 पैकी निम्मे तरी लागतील. मटण झाल्यावर या, पण या. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज कसा करतात कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा.