वितरक नव्हते, म्हणून चित्रपट पोहोचलेच नाहीत?

अमेरिकेतील सुरुवातीच्या कृष्णवर्णीय निर्मात्यांना हॉलिवूडने वितरक मिळू दिला नाही, त्यामुळे त्यांचे चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच नाहीत आणि दर्जा बेताचाच असल्याने पुढे ते नष्टही झाले, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. मोठ्या कंपन्यांची वितरणयंत्रणा त्यांना बंद होती एवढेच त्यात खरे आहे.

‘पोहोचलेच नाहीत’ हे विधान सर्वांत कच्चे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्या चित्रपटसंस्थेचे वितरण जॉर्ज जॉन्सन हा ओमाहा शहरातील टपाल कारकून आपली नोकरी सांभाळून पाहत असे. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतील नाट्यसमीक्षकांना हाताशी धरून त्याने गावोगावच्या थिएटरांशी संधान बांधले होते. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय निर्माता-दिग्दर्शकाने तर १९१९ पासून हा व्यवहार स्वतःच्याच अंगावर घेतला: थिएटरमालकांना भेटायचे, आगामी चित्रपटाची छायाचित्रे दाखवायची आणि चित्रीकरणाआधीच उचल घ्यायची. प्रिंट मोजक्याच असल्यामुळे रिळांची पेटी एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राही, आणि कुठे सेन्सॉरने अडवले की पुढची सगळी वसुली खोळंबे. त्याच्या ‘विदिन अवर गेट्स’ या चित्रपटाला शिकागोच्या सेन्सॉरने आधी नकारच दिला होता, जानेवारी १९२० मध्ये तो तिथे झळकला तो वादावादीनंतरच. वितरण नव्हते असे नाही, ते निर्मात्याचे भांडवल गिळत होते, आणि मिशोचे दिवाळे १९२८ मध्ये निघाले.

दर्जाचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. अमेरिकेतील मूकपटांपैकी बहुतांश आज उपलब्ध नाहीत, त्यांत बड्या स्टुडिओंचेही आहेतच. याच ‘विदिन अवर गेट्स’ची प्रिंट पुढे स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने सापडली. म्हणजे तो अटलांटिक ओलांडूनही गेला होता.

आणि हॉलिवूडने या मंडळींकडे नुसते दुर्लक्ष केले, असेही नाही. लिंकनचा प्रमुख नट नोबल जॉन्सन युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या चित्रपटांतही काम करत असे. युनिव्हर्सलच्या दबावामुळे १९१८ मध्ये त्याला स्वतःच्या भावाबरोबर, म्हणजे वर आलेल्या जॉर्जबरोबर, चालवलेली ही कंपनी सोडावी लागली. ज्याचे चित्रपट कोणी पाहतच नाही, त्याच्यावर असा दबाव कोणी कशाला आणेल? मिशोच्या बुडालेल्या कंपनीतही १९२९ मध्ये फ्रँक शिफमन आणि लिओ ब्रेशर या हार्लेममधील (न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय वस्तीतील) गोऱ्या थिएटरमालकांनी पैसा घातला, आणि १९३१ चा त्याचा पहिला पूर्ण बोलपट त्याच पैशातून उभा राहिला.