खुलासा : परवाना साडेतीन टनांचा, गाडी नव्हे

‘ग्रेट ब्रिटनमध्ये आता कारच्या परवान्यावर कुठल्याही गाडीने ३,५०० किलोची कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढता येते’ हा फिरणारा मेसेज अर्धाच खरा आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून वेगळ्या परीक्षेची अट गेली, एवढंच. गाडीची मर्यादा तीच राहिली.

ती चेसिस नंबरच्या पाटीवर असते, बहुतेकदा दाराच्या चौकटीत. वरचा आकडा भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा, त्याखालचा गाडी-ट्रेलर मिळून. समजा खालचा आकडा ३,५०० आणि वरचा २,००० आहे, तर भरलेली गाडी १,५०० किलोच ओढणार. दुसरा आकडाच नसेल, तर त्या गाडीला काहीही जोडू नका.

कॅरॅव्हॅनचं रिकामं वजनही धरू नका. पाणी, गॅस सिलिंडर, तंबू सगळं मोजा. जड सामान ॲक्सलच्या वर ठेवा. मागे कोंबलं की हुकवरचा भार घटतो आणि वेगात कॅरॅव्हॅन शेपटीसारखी झुलू लागते.