"कॉम्प्युटरचे फासे खोटे" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरून राहिला आहे. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप, कुठंच सुटका नाही. मथळा असा की "कॉम्प्युटरवर खोटे फासे टाकून शक्यता सांगणाऱ्यांपासून सावध". म्हणणं थोडक्यात असं: आजकालची पोरं कॉम्प्युटरला हजारो वेळा आकडे काढायला लावतात आणि मग छातीठोक सांगतात की अमुक गोष्ट घडायची शक्यता इतके टक्के, त्याला सिम्युलेशन म्हणतात, तर हे सगळं थोतांड आहे. कारण काय, तर कॉम्प्युटरचे आकडे रँडम नसतातच, उत्तर दर वेळी बदलते, साध्या भागाकाराशी जुळत नाही, असल्या गोष्टींना मोठी मशीन लागते, आणि खरी जिंदगी काही फाशावर चालत नाही. पुरावा म्हणून वर्गातले वाढदिवस आणि भारताने सलग हरलेले टॉस असे दोन किस्से जोडलेत. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

यातला एक मुद्दा मला खरंच पटतो, तो शेवटी घेतो. बाकीचे आधी.

वाढदिवसांपासून सुरू करू कारण मेसेजवाल्याचा सगळा जोर तिथंच आहे. तो म्हणतो, ४० पोरांच्या वर्गात कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला यायची शक्यता सिम्युलेशन ८९ टक्के दाखवते, आम्ही साधा भागाकार केला, ४० भागिले ३६५, तर ११ टक्के येतात, मग खोटं कोण? भाऊ, भागाकार बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. तुमच्या पोराच्या तारखेलाच वर्गात आणखी कोणाचा वाढदिवस आहे का, असं विचारलं तर उत्तर साधारण १० टक्के येतं. पण इथं "माझ्या पोराचा" असं कोणी विचारलंच नव्हतं, "कोणत्याही दोघांचा" असं विचारलं होतं. ४० पोरांत जोड्या किती होतात ते मोजा, पहिल्याच्या उरलेल्या ३९ सोबत, दुसऱ्याच्या ३८ सोबत, असं करत करत ७८० होतात, आणि एवढ्या जोड्यांतली एकही जुळू नये हेच उलट कठीण आहे. २३ जणांतच शक्यता निम्म्याच्या वर जाते, ५०.७ टक्के. आणि हा आकडा सिम्युलेशनचा नाही बरं का, कागदावरच्या गुणाकाराचा आहे, ३६४ भागिले ३६५, गुणिले ३६३ भागिले ३६५, असं पुढं पुढं जायचं आणि शेवटी एकातून वजा करायचं. ४० जणांसाठी तोच गुणाकार केला की ८९.१ येतात, म्हणजे सूत्र आणि सिम्युलेशन एकच सांगून राहिले, एकटा भागाकार तेवढा वेगळं बोलून राहिला.

विश्वास नसेल तर फोनवर करून बघा. एक्सेल किंवा गूगलची शीट उघडा, एका ओळीत ४० चौकटी घ्या, प्रत्येकीत रँडबिटवीनचा फॉर्म्युला टाकून १ ते ३६५ मधला आकडा काढा, झाला एक वर्ग. शेवटच्या चौकटीत एवढंच तपासायचं की ओळीत कोणता आकडा दोनदा आला का, आला तर १, नाही तर ०. ती ओळ खाली हजारभर ओढा आणि त्या शेवटच्या रकान्याची सरासरी काढा. मोठ्या मशीनचा मुद्दा इथंच निकालात निघाला. तसंही या पद्धतीची सुरुवात मशीनवर नाही, पत्त्यांवर झाली. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम नावाचा गणिती आजारातून उठत होता, वेळ जायला एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडायचा, डाव सुटायची शक्यता किती हे सूत्राने काढायला गेला तर डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा त्याच्या मनात आलं की शंभरेक वेळा डाव मांडून किती सुटले ते सरळ मोजलं तर? मग तो आणि जॉन फॉन नॉयमन यांनी तेच एनिॲकसारख्या कॉम्प्युटरवर नेलं, ते पुढचं.

आता कोणी म्हणेल की खरे वाढदिवस ३६५ दिवसांत सारखे वाटलेले नसतात. नसतातच. आपल्याकडे आजोबा-काकांच्या पिढीत घरोघरी एखादा १ जूनवाला सापडतो, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली तारीख, आणि ३१ मेला सरकारी ऑफिसांत निरोप समारंभांची रांग लागते ती काही उगाच नाही. पण एका तारखेवर असा ढीग पडला की जुळायची शक्यता वाढते, कमी होत नाही. आणि खरी गंमत पुढं आहे. सूत्रात हा १ जून घुसवायचा म्हणजे कागद भरून आकडेमोड, सिम्युलेशनमध्ये मात्र एक अट वाढवली, की समजा दर पाचातल्या एकाला १ जून द्या आणि बाकीच्यांना कोणतीही तारीख, की काम झालं. सिम्युलेशन वापरायचं ते यासाठी. सूत्र सोपं असेल तिथं सूत्रच वापरा, मी पण तेच करतो.

"कॉम्प्युटर रँडम आकडे देतच नाही, सगळं आधीच ठरलेलं असते." हे अर्धं खरं आहे आणि मेसेजवाल्याने ते कुठंतरी ऐकलेलं दिसतं. फॉर्म्युल्यातून निघणारे आकडे खरोखरच हिशोबाने निघतात, सुरुवातीचा आकडा, ज्याला सीड म्हणतात, तोच दिला तर पुढची सगळी रांग जशीच्या तशी परत येते. भीतीही अगदीच हवेतली नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मशीनवर रँडू नावाचा एक फॉर्म्युला चालायचा, त्यातले लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन ठिपके मांडले तर ते सगळीकडे विखुरण्याऐवजी अवघ्या १५ सपाट पातळ्यांवर बसायचे. फजितीच म्हणायची. पण ती पकडली कोणी, तर रँडम आकड्यांवर काम करणाऱ्या याच लोकांनी, तपासून तपासून. आज पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत जो फॉर्म्युला आपोआप वापरला जातो तो मर्सेन ट्विस्टर १९९७ मधला, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपान्यांचा, त्याची रांग फिरून पहिल्यापासून सुरू व्हायच्या आधी जेवढे आकडे निघतात तो आकडाच सहा हजार अंकी आहे. पासवर्ड किंवा सोडतीसाठी तो वापरू नये, त्यासाठी वेगळे असतात. वर्गातले वाढदिवस मोजायला तो पुरून उरतो. आणि सीड दिला की रांग परत येते हा दोष नाही हो, फायदा आहे. मी सीड सांगितला तर तुम्ही घरी बसून माझा हिशोब आकड्यानिशी तपासू शकता, खऱ्या फाशांचं हे कधी जमणार?

दर वेळी वेगळं उत्तर येते म्हणे. येते ना. किती वेगळं येते ते विचारा! ४० पोरांचे १०० वर्ग काढले तर उत्तर ८३ ते ९५ टक्क्यांच्या मधे कुठंही पडेल, १०,००० काढले तर साडेअठ्ठ्याऐंशी ते पावणेनव्वदच्या आत राहील, वीसातून एखादवेळी थोडं बाहेर जाईल. हे डगमगणं किती असेल हे आधीच सांगता येतं, आणि ते निम्मं करायचं तर चौपट वेळा काढावं लागतं, हा नियम पक्का आहे. शितावरून भाताची परीक्षा करतोच की आपण, फक्त इथं किती शितं चाचपली की किती भरवसा ठेवायचा याचा हिशोब सोबत मिळतो. जो माणूस १०० वेळा काढून "८७.४३ टक्के" असं दोन दशांशांपर्यंत सांगतो त्याच्यावर मात्र खुशाल हसा, आणि हजार वेळा काढून एकदाही नाही घडलं म्हणून "हे अशक्य आहे" सांगणाऱ्यावर पण. हजारात शून्य आलं तरी खरी शक्यता हजारात तीनपर्यंत असू शकते.

टॉसचा किस्सा जरा निवांत बघायला पाहिजे, कारण तो ऐकायला जबरदस्त आहे. २०२३ च्या वर्ल्ड कपची फायनल अहमदाबादला झाली, तिथपासून भारत वनडेत सलग २० टॉस हरला, आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवर फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्लंडसोबत मॅच झाली तो टॉसही त्यातलाच, कॅप्टन बदलले पण नाणं काही बदलेना, शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला माळ तुटली. मेसेज म्हणतो, कॉम्प्युटर याची शक्यता दहा लाखात एक सांगतो, तरी घडलं, म्हणजे एकतर गणित खोटं नाहीतर टॉस फिक्स. दोन्ही नाही, भाऊ. दहा लाखात एक हे उत्तर "आजपासून पुढचे २० टॉस भारत हरेल का" याचं आहे. ते कोणी २०२३ मध्ये विचारलं होतं का? नाही. माळ आधी लागली आणि मग सगळे बोट दाखवायला लागले, आणि ही माळ ऑस्ट्रेलियाची असती, श्रीलंकेची असती, १९८५ मधली असती, तरी कोणीतरी असंच बोट दाखवलं असतं. म्हणून सिम्युलेशनला प्रश्न असा विचारायचा: १९७१ पासूनचा वनडेचा सगळा इतिहास नव्याने खेळवा, पाच हजारच्या आसपास मॅचेस, प्रत्येकीत एक टीम टॉस हरणारच, असा अख्खा इतिहास पुन्हा पुन्हा काढा आणि किती इतिहासांत कोणत्यातरी टीमच्या नशिबी सलग २० हार आली ते मोजा. उत्तर दोनशेत एकाच्या घरात येतं. सलग २० जिंकण्यालाही आपण तेवढंच नवल केलं असतं, ते धरलं तर शंभरात एक, आणि टेस्ट, टी-ट्वेंटी, बायकांच्या मॅचेस अजून मोजल्याच नाहीत. म्हणजे दुर्मिळ आहेच, पण पोलिसात जायच्या लायकीचं नाही.

सलग येणाऱ्या गोष्टींबाबत आपला अंदाज असाही कच्चा असतो. घरातल्या कोणालाही मनानेच २० टॉसचे निकाल लिहायला सांगा, छापा काटा छापा छापा काटा असं अदलून बदलून लिहितील, चारदा सलग एकच लिहायला हात धजावत नाही. खऱ्या नाण्यात २० टॉसमध्ये कुठंतरी सलग चारदा एकच बाजू यायची शक्यता ७७ टक्के आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, खरी जिंदगी फाशावर चालत नाही. हा मुद्दा मला पटतो, फक्त त्यातून मेसेजवाला जे काढतो ते पटत नाही.

उदाहरण घ्या. समजा मनीष नगरात २० फ्लॅटची सोसायटी आहे, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी ८ जागा, आणि कमिटीत भांडण हे की जागा पुरतात की नाही. कोणीतरी अंदाज बांधला की संध्याकाळी प्रत्येक फ्लॅटकडे पाहुण्याची गाडी यायची शक्यता ३० टक्के. प्रत्येक फ्लॅटसाठी १ ते १० मधला एक आकडा काढा, १, २, ३ आला तर गाडी आली, नाहीतर नाही, वीसही फ्लॅटची बेरीज केली की एक संध्याकाळ झाली, अशा हजारो संध्याकाळी काढल्या तर १०० पैकी साधारण ११ दिवशी गाड्या ८ च्या वर जातात. कमिटी खूश, नवव्यासाठी रस्ता आहेच. मग येते भाऊबीज, आणि गेटपासून कोपऱ्यापर्यंत गाड्याच गाड्या, वॉचमन शिव्या खाऊन राहिला. आता यात फाशांचा काय दोष? चूक अटीत होती. २० फ्लॅट एकमेकांना न विचारता पाहुणे बोलावतात असं आपण गृहीत धरलं, आणि सणाच्या दिवशी सगळ्यांकडे एकाच वेळी बहीण-भाऊ येतात. त्या एका दिवसापुरतं ३० चं ६० करा आणि परत काढा, १०० पैकी ९४ वेळा जागा कमी पडतात. मेसेजवाला जिथं फाशाला शिव्या देऊन राहिला तिथं खरं तर अट लिहिणाऱ्याला द्यायला पाहिजे.

आणि एक प्रश्न त्याने विचारलाच नाही, तो विचारला असता तर मी मानलं असतं: हे ३० टक्के आणले कुठून? मनातूनच ना. त्यापेक्षा गेटवरचं रजिस्टर घ्या, ज्यात वॉचमन तारीख आणि गाडीचा नंबर लिहितो. प्रत्येक दिवसाच्या सर्वात जास्त गाड्यांचा आकडा एकेका चिठ्ठीवर लिहा, सगळ्या डब्यात टाका, एक चिठ्ठी काढा, नोंदवा, परत डब्यात टाका, पुन्हा काढा, आणि किती वेळा आकडा ८ च्या वर गेला ते मोजा. अख्खा दिवसच उचलायचा, त्यामुळे भाऊबीज असेल तर सगळ्या फ्लॅटच्या पाहुण्यांसकट येते, कोण कोणाला न विचारता आलं याची चिंता नाही. याला बूटस्ट्रॅप म्हणतात, १९७९ मध्ये ब्रॅडली एफ्रनने मांडलेलं, आणि टक्के मनाने ठरवण्यापेक्षा लाखपट बरं. फक्त रजिस्टर जून ते सप्टेंबरचंच असेल तर डब्यात भाऊबीजेची चिठ्ठीच नाही, मग लाख वेळा काढा, ती निघणार नाही, म्हणून कमिटीने आधी वर्षभराचं रजिस्टर शोधावं आणि मग नवीन पार्किंगच्या वर्गणीचा विषय काढावा.