सही केली की जमीन सरकारजमा?

बेळगाव-खानापूरकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “नाला राखायचा ‘संवर्धन करार’ करू नका. सही केली की उताऱ्यावर सरकारचं नाव लागतं, पोरांना वाटणी मिळत नाही, कोणीही शिवारात घुसतो. अमेरिकेत हेच झालं. सही केली नाही तर जमीन सुरक्षित.” मला तो तिसऱ्यांदा भावकीतल्याच काकांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय.

संवर्धन करार म्हणजे नाला-ओढा राखण्यासाठी जमिनीवरचे काही हक्क सोडल्याचं एखाद्या संस्थेला किंवा सरकारला लिहून देणं. अमेरिकेत तो केल्यावरही जमीन मालकाकडेच राहते. तो ती विकतो, पोरांच्या नावे करतो, बहुतेक वेळा कसतोही. सोडतो ते ठरावीक हक्क: प्लॉट पाडायचा, ओढा बुजवायचा. लोकांना शिवारात फिरू द्यायचं की नाही, हे करारात लिहिलं असेल तसं. मात्र बंधन पुढच्या मालकावरही राहतं आणि तिथल्या केंद्र सरकारची करसवलत हवी तर ते कायमचंच असावं लागतं. सही दहादा विचार करून करावी, एवढं काकांचं मान्य.

उताऱ्याची भीती तर उगाचच, कारण असला करार करायचा वेगळा कायदाच आपल्याकडे नाही. 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, 1891 साली तो इथे लागू झाला. पण त्यातला हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर मिळतो. वरच्या शेताचं पाणी खालच्या शेतातून जातं, मागच्या शेताची गाडीवाट पुढच्यातून जाते. आपण वहिवाट म्हणतो ती हीच. जिची शेजारी गुंठाभरही जमीन नाही अशा संस्थेला नाला राखायचा हक्क त्यातून देता येत नाही.

त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आलेलं ‘समुदाय राखीव क्षेत्र’. त्यासाठी मालकानं किंवा गावानं आपणहून पुढे यावं लागतं. नंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते, मालकी मात्र जात नाही. मंड्या जिल्ह्यातलं कोक्करेबेळ्ळूर तसं आहे. पण तिथे झाडांवर पाणपक्ष्यांची घरटी आहेत; आपल्या भातखाचरांना ती वाट कितपत लागू पडेल, शंकाच आहे.

राहिलं ते “सही केली नाही तर सुरक्षित”. बेळगावातल्या वडगाव, शहापूरच्या शिवारात पावसाळ्यात जाऊन बघा. बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबतो, काठावर अतिक्रमण, आणि पाणी उभ्या भातात चढतं. तिथे कोणी कसल्या करारावर सही केली होती?