होकायंत्र भंगारात द्या

संरक्षणतज्ज्ञ व्हायला सैन्यात जावं लागत नाही. संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर जागा धरा, चहा येईपर्यंत पायदळ कालबाह्य ठरवा आणि चहा संपेपर्यंत रणगाडे. 'आता सगळं ड्रोनच करणार ना भाऊ' हे मधूनमधून पेरत राहा. पुरावा गावातच आहे: लक्ष्यावर जाऊन फुटणारं नागास्त्र हे ड्रोन नागपूरचंच, 2024 मध्ये ते लष्कराला मिळालंही. ते जवानाच्या पाठीवरून न्यायचं असतं, हा तपशील तेवढा गाळा. पाठ हे फार जुनं तंत्रज्ञान आहे.

मग कामठीकडे वळा. तिथल्या गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात पोरांना अजून पळवतात म्हणे! नकाशावाचन तर सगळीकडूनच बंद करायला सांगा. काय तो प्रकार! होकायंत्रावर दिशा धरायची, शंभर मीटरला आपली पावलं किती पडतात ते पाठ ठेवायचं, अंधारात मोजत निघायचं आणि दर शंभर मीटरला एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचा. नाल्यात पाय घसरला तरी आकडा विसरायचा नाही. एवढी कटकट कशाला? मोबाइल आहे की. (मे महिन्यात तो गाडीच्या काचेपाशी लावून बर्डीहून कामठीला निघू मात्र नका. इंदोरा चौक येईस्तोवर तो तापून मान टाकतो, आणि तिथं तर शत्रूही नसतो.)

कुणी अमेरिकेचा दाखला मागितला तर बिनधास्त द्या. 2002 साली 'मिलेनियम चॅलेंज' या त्यांच्या युद्धसरावात शत्रूची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. पठ्ठ्याने रेडिओ टाळून मोटरसायकलवाल्यांच्या हाती निरोप धाडले आणि सुसज्ज आरमाराची 16 जहाजं सरावापुरती बुडवली. मग काय, सराव थांबवला, बुडालेली जहाजं पुन्हा तरंगवली, खेळ पुढे चालू. तुमचंही धोरण हेच असू द्या. फक्त ही सोय खऱ्या शत्रूशी आधी बोलून ठेवा. त्याच देशाच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं बंद केलेलं शिक्षण 2015 मध्ये पुन्हा सुरू केलं. उपग्रहाचा सिग्नल जाम करता येतो, ताऱ्यांचं तसलं यंत्र अजून निघालेलं नाही. ही बातमी ग्रुपवर टाकू नका, चांगली रंगलेली चर्चा विस्कटते.

युक्रेनचा विषय निघाला तर जपून. तिथं सिग्नल जाम व्हायला लागले तेव्हा हुकूम तारेतूनच जावा म्हणून दोन्ही बाजूंनी ड्रोनच्या मागे काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) बारीक तार सोडली. तो संक्रांतीच्या पतंगासारखा किलोमीटरच्या किलोमीटर तार उलगडत जातो. आणि वरून येणाऱ्या ड्रोनला अडवायला रस्त्यांवर मासेमारीची जाळी टांगली. आपल्याकडे कधी तशी वेळ आलीच, तर निविदेत 'अत्याधुनिक बहुस्तरीय ड्रोनरोधक प्रणाली' असंच लिहा. नुसतं 'जाळं' लिहिलंत तर फाइल टेबलावरून हलायची नाही.