ना नफा आणि धर्मादाय: एका पावतीवरून

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या मंडळाचा मी खजिनदार आहे. मागच्या महिन्यात एका सभासदांनी पाच हजार रुपये रोख दिले आणि पावती चष्म्याजवळ धरत विचारले, "यावर 80जी, म्हणजे देणगीची आयकर सवलत, मिळेल ना?" नाही म्हटल्यावर ते दुखावले. "आपण कुठं नफा कमावतोय?" हा त्यांचा सवाल रास्त होता, पण त्याचे उत्तर नफ्यात सापडत नाही.

संस्था 'ना नफा' आहे याचा अर्थ एवढाच, की वर्षाअखेरीस उरलेली शिल्लक कोणी आपसात वाटून घेत नाही. आमची शिल्लक पुढच्या वर्षीच्या कोजागरीच्या दुधाला आणि सहलीला जाते. पण दूध पिणारे आणि सहलीला जाणारे आम्हीच. धर्मादाय ठरण्यासाठी लाभ सभासदांच्या पलीकडे, जनतेपर्यंत पोचावा लागतो. महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात गरिबी वा संकटाचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामे हे हेतू त्यासाठी सांगितले आहेत. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी आणि 1950 च्या कायद्याखालचा ट्रस्ट या दोन्ही नोंदण्या आपल्याकडे धर्मादाय कार्यालयातच होत असल्याने नोंदणी क्रमांकाचा शिक्का दिसला की लोक संस्थेला धर्मादाय समजतात. 80जी मात्र आयकर खात्याची वेगळी मान्यता असते. (शिवाय 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत कोणत्याच संस्थेत मिळत नाही, आणि नवी कररचना निवडणाऱ्याला तर तो प्रश्नच उरत नाही.)

उलट बाजूचा गैरसमज मला अधिक गंभीर वाटतो. धर्मादाय रुग्णालयाने बिल हातात ठेवले की "हा कसला धर्मादाय?" असे आपण म्हणतो. बिल घेणे किंवा त्यातून शिल्लक राहणे हा गुन्हा नव्हे. ती शिल्लक रुग्णसेवेतच परत गेली पाहिजे, एवढीच अट आहे. रागवायचेच असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याचे बंधन पाळले जाते का, यावर रागवावे. शेजारच्या एका रुग्णाला घेऊन मी अशाच एका रुग्णालयात गेलो, तेव्हा या योजनेचा फलक कॅशियरच्या खिडकीमागे, कॅलेंडरच्या आड टांगलेला होता. तो वाचायला मला मान वाकडी करावी लागली आणि अर्ज मिळायला दोन तास लागले.

आपल्या जिल्ह्यात गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सहकार. दूध संस्था दिवाळीला सभासदांना दूध दराचा फरक देते, म्हणजे तिचा वाढावा वाटला जातो. ती कितीही लोकांची असली तरी ना नफा नव्हे. तालमींचे मात्र अवघड आहे. 2019 च्या महापुरात पेठांतल्या तालमींनी आणि मंडळांनी अनोळखी पूरग्रस्तांना जेवण पोचवले, तेव्हा काम शंभर टक्के धर्मादाय होते, मग कागदावर संस्था काहीही असो. कायदा त्या आठ दिवसांवरून संस्थेचा प्रकार बदलत नाही, आणि बदलू नये असेच माझे मत आहे, कारण करसवलत ही अखेर सर्व करदात्यांच्या खिशातून जाते.

त्या गृहस्थांनी पैसे परत मागितले नाहीत. मी मात्र राजारामपुरीत जाऊन 'ही देणगी करसवलतीस पात्र नाही' असा रबरी शिक्का करून घेतला आहे.