न रडणारं मूल समजूतदारच असतं का?

काका नमस्कार, तुमचं म्हणणं असं की आईबाप निघून गेले तरी न रडणारं मूल समजूतदार असतं, आणि आम्ही मुलांच्या मनाबद्दल बोलणारे लोक त्यातही आजार शोधून नोकरी करणाऱ्या आयांना घाबरवतो. आयांचं आधी सांगते. पाळणाघरात ठेवलं म्हणून मूल आईपासून तुटत नाही हो, संध्याकाळी ते पळत येऊन बिलगतं किंवा दिवसभराचा राग तिच्यावरच काढतं, दोन्ही चांगलंच.

पण समजूतदारपणाचं मला अजिबात पटत नाही. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या बालमनाच्या अभ्यासकाने हॉस्पिटलात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं, 1952 मध्ये त्यावर फिल्मही दाखवली. तेव्हा तिथे आईवडिलांना फार कमी भेटू द्यायचे. मुलं आधी आकांत करायची, मग गप्प पडून राहायची आणि मुक्काम लांबला की पुन्हा खायला-खेळायला लागायची, नर्सशी हसायची, स्टाफ म्हणायचा रुळलं बाळ! आणि आई आली की तिच्याकडे बघायचीही नाहीत. पुढे अमेरिकेत वर्षाच्या आसपासच्या बाळांवर अभ्यास झाले, आई खोलीबाहेर गेली-आली तरी खेळण्यात दंग दिसणाऱ्या बाळांचे हार्टबीट मोजले तर ते वाढलेले निघाले. म्हणजे त्रास होतच होता, फक्त दाखवायचं बंद केलं होतं.

आता तुमचा नातू. सात वर्षांचा, हॉस्टेलला गेल्यापासून फोनवर शहाण्यासारखं बोलतो, घरी यायचा हट्ट नाही. कदाचित खरंच रमला असेल, स्वभावाने अबोल मुलंही असतातच की. पण अबोल मूलसुद्धा गुडघा फुटला की कुणातरी एकाकडे जातं, काढलेलं चित्र कुणालातरी दाखवतं. सुट्टीत तेवढं बघा. पडला, ताप आला तरी कुणाजवळ येत नाही, जवळ घेतलं की अंग ताठ करतो, आनंदही कुणाला सांगत नाही आणि आधी तो असा नव्हता, असं असेल तर मात्र वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ऐकू नीट येतं का, डिप्रेशन किंवा ऑटिझम आहे का हेही ते बघतील, मी इथून काहीच ठरवू शकत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि हॉस्टेलमध्ये कुणी मारतं का, नको तिथे हात लावतं का हे त्याला एकट्याला, न रागावता विचारा. एकदा विचारून सांगेलच असं नाही, पुन्हा विचारावं लागेल. त्याच्या आईबाबांनाही हे वाचायला द्या, आणि सुट्टीत काय दिसलं ते मला नक्की कळवा.